चलनातून संग्रहाकडे : राष्ट्रीय नेत्यांच्या स्मारक नाण्यांची पार्श्वभूमी

प्रजासत्ताक भारताची पहिली नाणेमाला १५ ऑगस्ट १९५० रोजी आली आणि ब्रिटिश राजाच्या मुखवट्याची जागा सारनाथच्या सिंहशीर्षाने घेतली. नोटांच्या बाबतीत महात्मा गांधींच्या चित्राचा विचार झाला होता, पण अखेर तिथेही सिंहशीर्षावरच एकमत झाले. व्यक्तीऐवजी राष्ट्रचिन्ह, हा त्या काळाचा विचारपूर्वक केलेला निर्णय होता, असेच मानावे लागते. आपल्याकडील जुन्या परंपरेशीही तो विसंगत नव्हता : १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडल्या जाणाऱ्या होनावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे होती, चेहरा नव्हता.

या निर्णयाला पहिला अपवाद १९६४ मध्ये झाला. पंडित नेहरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी त्यांची प्रतिमा असलेली १ रुपया व ५० पैशांची नाणी निघाली आणि ती सर्रास व्यवहारात फिरली. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीला मात्र दोन वाटा प्रथमच एकत्र दिसतात. २० पैसे, ५० पैसे आणि १ रुपया ही नाणी बाजारासाठी होती, तर १० रुपयांचे नाणे ८० टक्के चांदीचे, १५ ग्रॅम वजनाचे, म्हणजे उघडच जपून ठेवण्याजोगे होते. तरीही त्या वर्षी भाजी घेताना हातात येणाऱ्या पितळी रंगाच्या २० पैशांवर गांधीजी होते, ही गोष्ट मला चांदीच्या नाण्यापेक्षा अधिक मोलाची वाटते.

१९८५ पासून पुढची वीस-पंचवीस वर्षे हा या नाण्यांचा खरा बहराचा काळ होय. इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ निघालेल्या संचातील ५० पैसे व ५ रुपये चलनात आले, २० व १०० रुपये संग्राहकांकडे गेले. नेहमीच्या नक्षीचे ५ रुपयांचे नाणे १९९२ मध्ये आले, त्यामुळे सर्वसामान्य माणसाला या मूल्याच्या नाण्याची ओळख आधी स्मारक नाण्यांतूनच झाली. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १ रुपयाचे नाणे आले. पुढे २ रुपयांच्या अकराकोनी नाण्यावर सरदार पटेल, नेताजी सुभाषचंद्र बोस, देशबंधू चित्तरंजन दास असे एकामागून एक नेते आले, आणि १९९९ मध्ये त्याच मूल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची प्रतिमा आली. लोकमान्य टिळकांचे ५ रुपयांचे नाणे २००७ चे आहे. ज्या घरात नाणेसंग्रहाचा छंद कोणालाही नव्हता, त्या घरातल्या मुलांनीही ही नाणी सुट्या पैशांतून वेचून डब्यात साठवली, कारण त्यासाठी दर्शनी मूल्यापलीकडे एक पैसाही खर्च होत नव्हता.

वाद आहे तो यानंतरच्या वळणाबद्दल. २०११ च्या नाणे कायद्याने १९०६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. नव्या कायद्यात नाण्याच्या दर्शनी मूल्याची कमाल मर्यादा १००० रुपये आहे. मर्यादा एवढी सैल असल्याने नाण्यावरचा आकडा किमतीऐवजी जयंतीचे वर्ष सांगू लागला. नेहरूंच्या १२५ व्या जयंतीला १२५ रुपये, आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीवर्षात पुन्हा १२५ रुपये. आंबेडकरांच्या नाण्याचे प्रकाशन ६ डिसेंबर २०१५ रोजी झाले आणि त्याच्या जोडीला १० रुपयांचे नाणेही होते. अशी जोडी पुढे दुर्मीळ होत गेली. अटलबिहारी वाजपेयींचे २०१८ चे १०० रुपयांचे नाणे ३५ ग्रॅम वजनाचे, ४४ मिलिमीटर व्यासाचे आणि निम्म्या चांदीचे आहे. ते खिशात बाळगायचे नाणेच नव्हे. टांकसाळीकडे आगाऊ नोंदणी करावी, दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक रक्कम भरावी आणि नक्षीदार वेष्टनातून नाणे घरी यावे, अशी पद्धत रूढ झाली.

या बदलाच्या समर्थनार्थ सांगितले जाणारे कारण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. १० रुपयांच्या नाण्यांच्या नक्षी इतक्या वाढल्या, की अनेक ठिकाणी दुकानदार आणि रिक्षाचालक ती खोटी समजून नाकारू लागले. रुपयाचे चिन्ह असलेले खरे, नसलेले बनावट, अमुक रेघांचे खरे, तमुक रेघांचे बनावट, अशा अफवा पसरल्या. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये मध्यवर्ती बँकेला जाहीर करावे लागले, की १० रुपयांची चौदा प्रकारची नाणी निघाली असून ती सर्व वैध आहेत. नाणे स्पर्शाने व आकाराने ओळखावे लागणाऱ्या दृष्टिहीनांची अडचणही खरीच आहे, जरी ती चेहऱ्यांपेक्षा बदलत्या आकारमानांमुळे अधिक झाली. परंतु या गोंधळाचे मूळ नक्षींच्या संख्येत जितके आहे तितकेच ते माहिती न पोहोचण्यात आहे. प्रत्येक नव्या नाण्याचे वजन, व्यास, धातू आणि दोन्ही बाजूंचे वर्णन राजपत्रात छापले जाते, पण राजपत्र आठवडी बाजारात कोणी वाचत नाही. बँकेच्या दारावर नाण्याचे चित्र लावले असते, तर निम्मी भांडणे टळली असती.

अलीकडे नेत्यांची नाणी संख्येने कमी झालेली नाहीत. एन. टी. रामाराव यांचे १०० रुपयांचे नाणे ऑगस्ट २०२३ मध्ये, तर करुणानिधींचे ऑगस्ट २०२४ मध्ये समारंभपूर्वक प्रकाशित झाले. प्रादेशिक नेत्यांना हा मान मिळणे योग्यच आहे, आणि तमिळनाडूच्या अण्णादुराईंना तो २००९ मध्ये मिळाला तेव्हा त्यांचे नाणे ५ रुपयांचे, रोजच्या वापरातले होते. याउलट स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त जून २०२२ मध्ये १, २, ५, १० आणि २० रुपयांची जी खास मालिका सर्वसाधारण चलनासाठी काढण्यात आली, तिच्यावर एकाही नेत्याची प्रतिमा नाही. तिथे महोत्सवाचे बोधचिन्ह आहे.