कौटुंबिक उपासना

एका घरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांनी रोज ठरलेल्या वेळी एकत्र बसून पवित्र शास्त्र वाचणे, वाचलेल्यावर बोलणे, एखादे गीत गाणे आणि प्रार्थना करणे, याला कौटुंबिक उपासना म्हणतात. घरातल्या बोलण्यात तिला नुसते ‘प्रार्थनेला बसणे’ असेच म्हटले जाते. रविवारच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) उपासनेची जागा ती घेत नाही. इथे व्यासपीठ नसते, प्रवचन नसते. समोर बसलेली माणसे एकमेकांना दिवसभर पाहत असतात, आणि या उपासनेचे बळ व अवघडपण दोन्ही यातच आहे.

आधार आणि परंपरा

पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अध्याय 6, वचने 4 ते 9 (अनुवाद 6:4–9) हा या प्रथेचा मूळ आधार मानला जातो. देवाची वचने मुलांच्या मनावर ठसवा. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत राहा, असे तिथे सांगितले आहे. विश्वासाचे बोलणे रोजच्या हालचालींतच मिसळून जावे, असा त्याचा रोख आहे. नव्या करारात प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाचा उल्लेख येतो (2 तीमथ्य 1:5). आजी, आई, मुलगा अशी तीन पिढ्यांची साखळी एका वाक्यात सापडते. इफिसकरांस पत्राच्या 6:4 मध्ये बापांना दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत: मुलांना प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवा आणि त्यांना चिडीस आणू नका. पहिली आज्ञा पुष्कळांना पाठ असते, दुसरी विसरली जाते.

चौथ्या शतकात प्रसिद्ध उपदेशक योहान क्रिसोस्तोम यांनी आपले घर मंडळी बनवा, असे श्रोत्यांना बजावले. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाची मूलतत्त्वे प्रश्न-उत्तरांतून शिकवणारे पुस्तक, 1529 साली आली. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे, अशा सूचनेनेच तिचे भाग सुरू होतात. सकाळ-संध्याकाळच्या आणि जेवणाआधी-नंतरच्या प्रार्थनाही तिच्यात आहेत. स्कॉटलंडच्या मंडळीने 1647 साली कौटुंबिक उपासनेची नियमावलीच काढली. उपासना टाळणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी खाजगीत समज, मग मंडळीच्या वडीलजनांकडून कानउघाडणी, आणि तरीही न सुधारल्यास प्रभुभोजनास (भाकर व द्राक्षरसाच्या पवित्र विधीस) मज्जाव, असा तिचा कडक क्रम होता. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली कुटुंबाला ‘घरातली मंडळी’ म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक. कॅथलिक घरांत रोझरीची (जपमाळेच्या प्रार्थनेची) पाच दशके, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, साधारण 15 ते 20 मिनिटांत होतात. ऑर्थोडॉक्स घरांत पवित्र प्रतिमांचा कोपरा असतो आणि सारे त्याच्याकडे तोंड करून प्रार्थना करतात. रीती वेगळ्या असल्या तरी पुढे सांगितलेले सर्वांना लागू पडते.

वेळ आणि लांबी

उपासना बंद पडते ती बहुतेक वेळा लांबल्यामुळे. पहिल्या आठवड्यात उत्साहाने 40 मिनिटे बसलेले कुटुंब तिसऱ्या आठवड्यात बसतच नाही. तीन वर्षांच्या आतली मुले असतील तर 5 मिनिटे, शाळेत जाणारी असतील तर 10 ते 15 मिनिटे पुरतात. आणखी थोडे हवे होते असे वाटत असतानाच थांबावे.

घड्याळातल्या वेळेपेक्षा आधीपासून असलेल्या सवयीला उपासना जोडली की ती टिकते. रात्रीचे जेवण झाले, ताटे अजून उचललेली नाहीत, सगळे जागेवरच आहेत, ही उत्तम वेळ. ताटे उचलली की माणसे पांगतात आणि पुन्हा गोळा करायला हाका माराव्या लागतात. त्या हाकांतच उपासनेची चव जाते. झोपायच्या वेळी घेतली तर लहान मुले पेंगतात आणि मोठ्यांचा धीर संपलेला असतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, मोठ्यांचेसुद्धा. वाचनासाठी छापील पुस्तक घ्यावे.

आठवड्यातून चार-पाच दिवस झाले तरी सवय जिवंत राहते. खंड पडला तर राहिलेले अध्याय एकदम वाचून भरपाई करू नये. जिथे थांबलो तिथून पुढे जावे.

वाचन

एका वेळी 8 ते 15 वचने पुरेत. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करावी: एकूण 16 अध्याय, प्रसंग छोटे आणि वेगवान. त्यानंतर योसेफाची गोष्ट (उत्पत्ती 37–50), रूथ आणि योना ही चार-चार अध्यायांची पुस्तके. पहिल्या पानापासून क्रमाने वाचायचा संकल्प बहुधा लेवीयच्या अर्पणविधींत अडकतो. 1 इतिहासाचे पहिले नऊ अध्याय वंशावळींचे आहेत, आणि शास्ते 19 मध्ये भीषण अत्याचाराचा प्रसंग असल्याने तो लहान मुलांपुढे वाचू नये. 1 ते 24 डिसेंबर लूकचा रोज एक अध्याय वाचण्याची प्रथा चांगली आहे, पण ती मोठ्या मुलांच्या घरासाठी. एकट्या पहिल्या अध्यायातच 80 वचने आहेत.

उदाहरणार्थ, येशू वादळ शांत करतो तो प्रसंग, मार्क 4:35–41 घ्या. वचने सातच. आधी मजकुरातले साधे प्रश्न विचारावेत: वादळात येशू कुठे झोपला होता? ‘नावेच्या मागच्या बाजूला, उशीवर.’ ही उशी फक्त मार्कमध्ये आहे, आणि लहान मुलाला ती नेमकी लक्षात राहते. मग दुसरा प्रश्न: शिष्यांना राग कशाचा आला? बुडण्याची भीती होतीच, पण येशूला आपली पर्वा नाही असे वाटल्याचे दुःख अधिक होते. आणि शेवटी एकच प्रश्न घराकडे वळवावा: सध्या आपल्यापैकी कोणाला कशाची भीती वाटते? याचे उत्तर आधी मोठ्याने द्यावे, आणि खरे द्यावे. ‘कामाच्या ठिकाणी उद्या काय होईल याची मला धास्ती आहे’ असे बापाच्या तोंडून ऐकल्यावर मुलगी शाळेतले सांगू लागते. त्यावर लगेच उपदेश केला तर पुढच्या वेळी ती ‘काही नाही’ म्हणेल. ऐकून घ्यावे आणि तेच प्रार्थनेत घ्यावे.

प्रार्थना

प्रत्येकाने एक वाक्य, एवढे पुरे. बोलायचे नसेल त्याने ‘आमेन’ म्हणावे, जबरदस्ती नको. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) म्हणावी. शब्द न सुचणाऱ्यालाही तिच्यात जागा मिळते, आणि तीन वर्षांचे मूल ती ऐकून ऐकूनच शिकते. एक साधी वही ठेवावी: डावीकडे तारीख व विनंती, उजवीकडे पुढे काय झाले ते. उजवी बाजू रिकामी राहिलेल्या विनंत्या खोडू नयेत. त्यांविषयीही मुलांशी बोलावे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रार्थनेच्या आडून रागावणे. ‘प्रभू, याला मोबाइल सोडायची बुद्धी दे, आईवडिलांचा मान ठेवायची बुद्धी दे.’ डोळे मिटून बसलेल्या मुलाला नेमके कळते की बोलणे देवाशी नाही, त्याच्याशी चालले आहे. असे चार वेळा झाले की तो प्रार्थनेला बसायचे टाळतो आणि घरचे म्हणतात, हल्ली त्याचा विश्वास कमी झाला. सांगायचे ते प्रार्थनेबाहेर, एकट्याला गाठून सांगावे.

क्षमा मागणे

घरात भांडण झालेले असताना उपासना कशी घ्यावी, हा प्रत्येक कुटुंबाला पडणारा प्रश्न आहे. काहीच झाले नाही असे दाखवून गीत सुरू करणे मुलांना ढोंग वाटते. मत्तय 5:23–24 मध्ये आधी भावाशी समेट, मग अर्पण असा क्रम दिला आहे. ज्याचे चुकले त्याने, आणि वयाने मोठा असेल तर त्याने आधी, कृती नाव घेऊन कबूल करावी: ‘काल पाहुण्यांसमोर मी तुझा अपमान केला. ते चूक होते. मला क्षमा कर.’ त्यापुढे ‘पण तूही…’ आले की क्षमायाचना तिथेच संपते. समोरच्याने लगेच हो म्हटलेच पाहिजे असे नाही. त्याला वेळ द्यावा. मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर मात्र क्षमेच्या नावाखाली कोणाला गप्प बसवू नये. तिथे आधी सुरक्षितता आणि बाहेरची मदत.

वेगळ्या परिस्थिती

किशोरवयीन मुलांना आठवड्यातून एक दिवस वाचन निवडायला आणि प्रश्न विचारायला द्यावा. शंकेला दटावू नये, उत्तर माहीत नसेल तर तसे सांगावे. जोडीदार विश्वासात नसेल तर त्याला ओढून बसवू नये (1 करिंथ 7:12–16 याच घरांसाठी आहे). दुसऱ्याने मुलांसोबत शांतपणे चालू ठेवावे. एकट्याने मुले वाढवणाऱ्या घरात जेवणापूर्वीची प्रार्थना, एक स्तोत्र आणि झोपताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दिलेला आशीर्वाद (गणना 6:24–26) एवढीही पूर्ण उपासना आहे.

घरात मृत्यू झाला तर आनंदाची गीते रेटू नयेत. स्तोत्र 13 ‘किती काळ’ असे विचारत सुरू होते. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, शेवटी दिलासा येत नाही. दोन्ही मोठ्याने वाचता येतात. रडू आले तर वाचणाऱ्याने थांबावे, पुस्तक शेजारच्याने घ्यावे. त्या दिवसांत चर्चा नको, प्रश्न नकोत. बसण्याची वेळ आणि जागा मात्र रोजचीच ठेवावी.