कारण न सांगता घेतलेली हरकत: ज्युरीनिवडीतल्या एका हक्काची पार्श्वभूमी

ज्युरी म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारे सामान्य नागरिक, त्यातला प्रत्येक जण ज्युरर. संभाव्य ज्युररवर कारण देऊन घेतलेल्या हरकतीबद्दल फारसा वाद नसतो. आरोपीचा मेहुणा ज्युरीत नको, हे कोणालाही पटतं. वाद आहे तो कारण न सांगता, ठरावीक संख्येपर्यंत "हा माणूस नको" म्हणण्याच्या मुभेवर. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत देहदंडाच्या खटल्यात दोन्ही बाजूंना अशा 20 हरकती मिळतात. इतर गंभीर गुन्ह्यांत बचाव पक्षाला 10 आणि सरकारला 6.

हा हक्क इंग्लंडचा. तिथे आरोपीला एके काळी 35 हरकती घेता येत. त्या कमी होत होत 1977 मध्ये 3 वर आल्या आणि 1988 च्या कायद्याने संपल्या.

आपल्याकडेही तो होता. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार हायकोर्टात सरकारला आठ आणि आरोपीला आठ हरकती कारणाशिवाय घेता येत. पण यादीच एका बाजूला झुकलेली असली तर आठ हरकती कुठवर पुरणार? 1908 मध्ये केसरीच्या संपादकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारने खास ज्युरी, म्हणजे निवडक लोकांच्या वेगळ्या यादीतली ज्युरी, मागितली, आरोपीच्या बाजूने झालेला विरोध फेटाळला गेला आणि सात युरोपीय व दोन पारशी ज्युरीत बसले. लेख मराठीत होते. पुराव्याची भाषा न कळणं हे हरकतीचं कारण संहितेत होतं खरं, पण पुराव्याचं भाषांतर होत असेल तर त्या भाषांतराची भाषा कळली की भागत असे. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला.

आजचा सगळा वाद मात्र अमेरिकेतल्या 1986 च्या एका निकालाभोवती फिरतो. कृष्णवर्णीयांना कायद्याने ज्युरीबाहेर ठेवणं घटनाबाह्य आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1880 मध्येच सांगितलं होतं. यादीत नाव येऊ लागलं, तेव्हा ते गाळण्याचं काम या हरकतींनी केलं. 1965 मध्ये अलाबामातल्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की भेदभाव सिद्ध करायला एका खटल्यातल्या हरकती पुरेशा नाहीत, खटल्यामागून खटल्यात हेच चालतं हे आरोपीने दाखवावं. तशी नोंद कोणाकडे असणार?

केंटकीतला एक कृष्णवर्णीय आरोपी घरफोडीच्या खटल्यात उभा होता. बोलावलेल्यांपैकी चारही कृष्णवर्णीयांना सरकारी वकिलाने हरकत घेऊन घरी पाठवलं आणि ज्युरी पूर्ण गोरी झाली. हे प्रकरण वर गेलं, तेव्हा 1986 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने 1965 ची अट काढली. आता आरोपीने आपल्याच खटल्यातून संशय दाखवायचा, मग सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेलं कारण द्यायचं आणि न्यायाधीशाने ते खरं की बनाव हे ठरवायचं. बहुमतातल्याच एका न्यायमूर्तींनी, त्या पीठावरच्या एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्तींनी, स्वतंत्र मत लिहून बजावलं की या हरकती पूर्ण बंद केल्याशिवाय भेदभाव थांबणार नाही.

पुढची वर्षं त्यांच्याच बाजूने साक्ष देतात. ज्याला हेतू लपवायचा आहे त्याला कारण विचारलं की तो कारण देतोच. 1995 मध्ये लांब केस आणि दाढी हे कारणही दुसऱ्या पायरीवर, म्हणजे सरकारी वकिलाने कारण देण्याच्या टप्प्यावर, चाललं. ते पटण्याजोगं असायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं. मिसिसिपीत एकाच आरोपीवर, त्याच सरकारी वकिलाने, सहा वेळा खटला चालवला आणि सहांत मिळून 42 पैकी 41 कृष्णवर्णीयांना नाकारलं. सहाव्या वेळी नाकारलेल्या पाच कृष्णवर्णीयांना एकूण 145 प्रश्न विचारले गेले, निवडलेल्या 11 गोऱ्यांना सगळे मिळून 12. ती शिक्षा 2019 मध्ये रद्द झाली. आकडे इतके ढळढळीत असतानाही त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, ही गोष्ट 1986 च्या नियमाच्या समर्थकांनी विसरू नये.

म्हणून काही राज्यांनी हेतू शोधणंच सोडलं. वॉशिंग्टन राज्याच्या 2018 च्या नियमात त्रयस्थाला वंशाचा संबंध दिसू शकला तरी हरकत नामंजूर होते. पोलिसांवर विश्वास नाही, गुन्ह्यांसाठी कुप्रसिद्ध वस्तीत राहतो, ही नेहमीची कारणं तिथे मुळातच संशयास्पद धरली जातात. ॲरिझोनाने 2022 पासून कारणाविना हरकती सरसकट बंद केल्या आणि ज्युररना प्रश्न विचारायला वकिलांना जास्त वाव दिला. कॅनडाने त्या 2019 मध्येच बंद केल्या होत्या. तिथे अल्पसंख्य समाजांतल्या काही वकिलांनी मात्र न्यायालयात विरोध केला: संमिश्र ज्युरी मिळवण्यासाठी आपल्या अशिलांच्या हातात एवढंच साधन होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 2021 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली.