पोलीस दलातील अधीक्षण व नियंत्रण (महाराष्ट्र)

पोलीस दलावर देखरेख ठेवण्याचा, आदेश देण्याचा व शिस्त लावण्याचा कायदेशीर अधिकार. महाराष्ट्रात त्याचा मुख्य आधार १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) हा आहे. कलम ४ नुसार दलाचे अधीक्षण राज्य शासनाकडे असते.

या रचनेचा उगम वादग्रस्त आहे. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये महसूल यंत्रणेपासून वेगळे, स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालचे दल उभारले. त्याचा नमुना आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा (आयर्लंडमधील पोलीस दलाचा) होता, असे बहुतेक ग्रंथ सांगतात. काही अभ्यासकांना हे साम्य वरवरचे वाटते. मुंबई इलाख्यात साधारण १८५३ पासून जिल्हावार पोलीस सुपरिंटेंडेंट नेमले गेले, पण ते जिल्हा मॅजिस्ट्रेटच्या हाताखालीच राहिले. १८६१ च्या पोलीस कायद्यातही (कलम ४) जिल्ह्याचा पोलीस कारभार सुपरिंटेंडेंटकडे, तर सर्वसाधारण नियंत्रण मॅजिस्ट्रेटकडे होते. त्यामुळे जिल्हा पोलिसांपुरते तरी या व्यवस्थेचे मूळ आयर्लंडच्या डब्लिनपेक्षा कलेक्टर (म्हणजेच जिल्हा मॅजिस्ट्रेट) कचेरीत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १७ ने हे दुहेरी नियंत्रण कायम ठेवले. पोलीस आयुक्तालयांत (आयुक्ताच्या अखत्यारीतील शहरांत) मात्र ते नाही. तेथे आयुक्तालाच कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात.

तपासाच्या बाबतीत, ठाणे अंमलदारापेक्षा (पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापेक्षा) वरच्या दर्जाचा अधिकारी आपल्या हद्दीत ठाणे अंमलदाराचे अधिकार वापरू शकतो (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ३६, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३०). विभागीय शिक्षा पोलीस अधिनियमाच्या कलम २५ व १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांखाली होतात. ठाण्याची वार्षिक तपासणी, गुन्हे आढावा बैठक, दरबार (पोलिसांच्या अडचणी वरिष्ठांनी ऐकण्याची सभा) ही देखरेखीची नेहमीची साधने होत.

शासनाच्या अधीक्षणाची मर्यादा हा स्वतंत्र प्रश्न आहे. राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) राज्य सुरक्षा आयोगाची (शासनाच्या पोलिसांवरील प्रभावाला मर्यादा घालणाऱ्या मंडळाची) शिफारस केली होती. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी तो आयोग, पोलीस आस्थापना मंडळ (बदल्या व नेमणुका पाहणारे) व अधिकाऱ्यांचा किमान कार्यकाळ यांबाबत निर्देश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये अधिनियमात दुरुस्ती केली. तथापि प्रशासकीय निकड व जनहित या कारणांवरून मुदतपूर्व बदलीची मुभा कलम २२न मध्ये राहिली. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांबाबत हा अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आहे.