हंबकर, 'टॅप' आणि उद्यमनगर

"पुश-पुल टाकून घेतला" हे वाक्य कोल्हापुरात गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या तोंडी आता सर्रास असते. टोनचा नॉब ओढून वर काढला की हंबकर, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा दोन कॉइलचा पिकअप, बसवलेली जाड आवाजाची गिटार पातळ, टणटणीत होते आणि खाली दाबला की पुन्हा मूळ आवाज. ऑर्केस्ट्रात एकाच माणसाला एकाच गिटारीवर भावगीत, लावणी आणि रॉक असे सगळे निभवायचे असते, त्यामुळे ही सोय इथे रुजली यात नवल नाही. मात्र तिला सगळेच 'कॉइल टॅप' म्हणतात आणि बहुतेक वेळा ती कॉइल टॅप नसते. हा घोळ समजायचा तर थोडे मागे जावे लागते.

फार मागे नको. चुंबकाचा पिकअप बसवून विकायला आलेली पहिली गिटार १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची, ॲल्युमिनियमची, आकारामुळे लोक तिला तवा म्हणत. पेटंट मिळायला १९३७ उजाडले. आपल्याकडच्या वाद्यवृंदांत हिंदी गाण्यांच्या धून वाजवणारी हवाईयन गिटार याच घराण्यातली. मिरवणुकीतला बेंजो वेगळ्या वाटेने आला. जपानात नागोयाला १९१२ मध्ये टायशोगोतो नावाचे वाद्य निघाले, इकडे त्याचे बुलबुलतरंग झाले आणि बुलबुलतरंगाला पिकअप लागल्यावर झाला बेंजो पार्टीतला बेंजो. त्यामुळे 'सिंगल कॉइल', म्हणजे एकाच कॉइलचा पिकअप, घुमते हे कोल्हापूरला गिटारवाल्यांनी शिकवावे लागले नाही. मंडळाचा जनरेटर शेजारी आला की पिकअपमधून येणारी ती 'घूं' बेंजोवाल्यांच्या ओळखीची होती.

तिच्यावरचा उतारा म्हणजे हंबकर. दोन कॉइल शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांचे चुंबकीय ध्रुव उलटसुलट ठेवायचे आणि जोडणीही उलटी करायची. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, लाइनची ५० हर्ट्‌झची घूं मात्र एकमेकींना खाऊन टाकते. गिब्सन कंपनीचा पेटंटसाठी अर्ज १९५५ मध्ये झाला, पिकअप १९५७ पासून गिटारींत बसू लागले आणि पेटंट मिळाले १९५९ मध्ये. अर्ज प्रलंबित असल्याची चिठ्ठी पिकअपच्या बुडाला चिकटवली जाई. आज ती चिठ्ठी असलेल्या जुन्या पिकअपची किंमत ऐकली तर कोल्हापुरी माणूस त्यात म्हशी किती येतील याचा हिशेब करील. पुढे चिठ्ठीवर पेटंटचा क्रमांक छापू लागले, तोही चुकीचा. तो याच कंपनीच्या तार अडकवायच्या टेलपीसचा होता. थोडक्यात, या धंद्यात नावे आणि क्रमांक गोंधळाचे असण्याची परंपरा जुनी आहे.

सिंगल कॉइलवाल्यांकडे तोवर फेंडर कंपनीची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, ही गिटार आली होती. पिकअप तीन, स्विचच्या जागा तीन. वादकांनी तो स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवायची युक्ती शोधली, कारण तिथे दोन पिकअप एकदम चालू होऊन एक वेगळाच पोकळ, बोलका आवाज निघायचा. पाच जागांचा स्विच कारखान्यातून बसून यायला मात्र १९७७ साल लागले. वादक मागतो ते कंपनीला द्यायला तेवीस वर्षे! त्या मधल्या आवाजाला लोक 'आउट ऑफ फेज', म्हणजे एकमेकांच्या उलट लहरींचा, म्हणत आले. तेही चूक. ते दोन पिकअप फेजमध्येच असतात, फक्त पॅरललमध्ये जोडलेले असतात. खरोखर उलट्या फेजचा आवाज नाकात बोलल्यासारखा, खालचा सूर हरवलेला असतो.

आता मूळ मुद्दा. १९७० च्या दशकात मूळ पिकअप काढून दुसरा बसवण्याचा धंदा सुरू झाला. त्याआधीच्या हंबकरमधून एकच वायर आणि भोवती अर्थची जाळी बाहेर येई, दोन कॉइलचा जोड आतच टेप लावून बंद असे. नव्या पिकअपमधून चार वायरी आणि वर अर्थची एक अशा येऊ लागल्या. जोड बाहेर आला म्हणजे तो स्विचने अर्थला टेकवता येतो, आणि टेकवला की एक कॉइल गप्प होते. याला खरे नाव 'स्प्लिट'. कॅटलॉगांत मात्र 'टॅप' हा शब्द पडला आणि तोच टिकला. अजूनही काही नावाजलेल्या कंपन्या तोच लिहितात.

वाइंडिंगच्या भाषेत टॅपिंग म्हणजे एका सलग कॉइलमधून मध्येच काढलेली वायर. स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्यात टर्न, म्हणजे वायरीचे वेढे, कमी-जास्त करायला टॅपिंग असतात आणि रिले ती बदलत राहतो. गिटारमध्येही असा खरा टॅप आहे. सिंगल कॉइलला नेहमीपेक्षा जास्त टर्न भरायचे, सातआठ हजारांच्या आसपास एक वायर बाहेर काढायची, म्हणजे पूर्ण कॉइल घेतली की दणकट आणि टॅपवर घेतली की जुन्या पद्धतीचा आवाज. एक कॉइल, दोन ताकदी. स्प्लिटमध्ये दोन कॉइलपैकी एक बाद होते.

कॅटलॉगवाल्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो सांगायला हवा. सिरीजमध्ये जोडलेल्या दोन कॉइल म्हणजे विजेच्या दृष्टीने एकच लांब कॉइल, आणि त्यांचा जोड म्हणजे तिचा मध्य. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरमध्ये मधल्या वायरीला सेंटर टॅप म्हणतातच. मग इथे का नको? युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू एकाच गाभ्यावर असतात. हंबकरच्या कॉइल तारेखाली दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या ध्रुवांवर बसलेल्या असतात. एक काढली की नुसते टर्न कमी होत नाहीत, ऐकायची जागा बदलते आणि घूं मारायची व्यवस्थाच जाते. शब्द फिरवून हे झाकता येत नाही.

हा फरक मला कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत कळला. माझ्या गिटारच्या ब्रिजचा, म्हणजे तारा अडकवतात त्या बाजूचा, हंबकर मेला होता आणि नवा मागवायची ऐपत नव्हती. पंपाच्या मोटारी भरणाऱ्या एका मिस्त्रींकडे तो घेऊन गेलो. पुस्तकी ज्ञान पाजळत सांगितले, "बेचाळीस नंबरची वायर, एकेका कॉइलला पाच हजार टर्न." चार दिवसांनी गेलो तर मिस्त्री वैतागलेले. "बॉबिन तोंडापर्यंत भरली, दोन हजारसुद्धा झालं न्हाईत." चूक माझी होती. अमेरिकन गेजची ४२ नंबर वायर ०.०६३ मिलिमीटरची. आपल्याकडे वायर विकतात ती ब्रिटिश एसडब्ल्यूजी नंबराने, आणि त्यातली ४२ नंबर ०.१ मिलिमीटरची, म्हणजे आडव्या छेदाने अडीचपट. मला हवी होती ती इथली ४६ नंबर. मोटारवाल्यांच्या फळीवर ती नसते. त्यांनी ती रिलेच्या कॉइल भरणाऱ्याकडून रीळभर आणली. केसापेक्षा बारीक, बोटाच्या घामाने तुटेल अशी.

मग मी म्हणालो, "आणि टॅप पण काढून ठेवा." त्यांनी विचारले, "किती टर्नवर?" माझ्या डोक्यात दोन कॉइलचा जोड, म्हणून म्हणालो, "मधे." त्यांनी काउंटरवर २५०० चा आकडा आल्यावर प्रत्येक कॉइलमधून एक लाल वायर डाग देऊन बाहेर काढली, वर कागदाची पट्टी ठेवली आणि उरलेले टर्न भरले. पिकअप हातात आला तेव्हा त्यातून नको तितक्या वायरी लोंबत होत्या. मी कुरकुरलो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "टॅप पायजे म्हणालासा न्हवं? दिला की."

त्यांनी शब्दाला शब्द काम केले होते. घरी येऊन त्या दोन लाल वायरी स्विचने एकमेकींना जोडून पाहिल्या, म्हणजे दोन्ही कॉइलचे बाहेरचे अर्धे टर्न एकदम बाद. आवाज उतरला, पातळ झाला, वरचे सूर मोकळे झाले आणि घूं अजिबात नाही, कारण अर्ध्या का होईना, दोन्ही कॉइल चालूच होत्या. स्प्लिट केला असता तर सिंगल कॉइलचा पातळपणा घूंसकट मिळाला असता.

म्हणूनच स्प्लिटचे जे कौतुक चालते ते मला पटत नाही. पुश-पुल ओढला की हंबकरची स्ट्रॅट होते असे विकणारे सांगतात, ती होत नाही. हंबकरच्या एका कॉइलला साधारण पाच हजार टर्न असतात, जुन्या स्ट्रॅटच्या पिकअपला आठ हजारांच्या आसपास. शिवाय स्ट्रॅटमध्ये प्रत्येक खांब स्वतःच चुंबक असतो, हंबकरमध्ये खाली एक पट्टीचुंबक आणि वर लोखंडी खिळे नाहीतर स्क्रू. मिळतो तो एका अशक्त सिंगल कॉइलचा आवाज, वर मंडपातल्या लाइटिंगची घूं. त्याच चार वायरी आणि तोच पुश-पुल वापरून दोन कॉइल पॅरललमध्ये जोडल्या तर आवाज पुष्कळसा तसाच पातळ होतो आणि घूं येत नाही. तरी दहातले नऊजण स्प्लिटच मागतात. स्प्लिटच करायचा असेल तर निदान नेकच्या, म्हणजे दांड्याकडच्या, पिकअपमधली उत्तर ध्रुवाची कॉइल ठेवली तर ब्रिजमधली दक्षिण ध्रुवाची ठेवावी. मग स्विच मधल्या जागी असताना दोन्ही मिळून घूं मारतात.

अलीकडच्या काळात चित्र आणखी बदलले. आधी जमिनीवर ठेवायचे मल्टी-इफेक्ट आले आणि आवाज बदलायला गिटार उघडायची गरज नाही असे वाटू लागले. नंतर ऑनलाइन पिकअप, पॉट, स्विच घरपोच मिळू लागले आणि गिटारी पुन्हा उघडल्या. आता तर टोनच्या नॉबला लावायच्या कन्डेन्सरवरही वाद घालतात. तेलातला घ्यायचा की कागदी, जुना की नवा. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळणारा २२३ किंवा ४७३ छापलेला साधा कन्डेन्सर, म्हणजे ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरड, तेच काम करतो. फरक पडतो तो आकड्याने. पॉटचे, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरचेही तसेच आहे. सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) आणि हंबकरला ५०० के हा जुना संकेत, आणि एकाच गिटारीत दोन्ही आवाज हवे असतील तर कुठेतरी तडजोड आलीच.

चार वायरींच्या रंगांवर मात्र कोणाचे एकमत झालेले नाही. एका कंपनीची लाल म्हणजे दुसरीची काळी असू शकते आणि वायरिंगचा नकाशा नेटवरून उतरवून डाग देणारे इथेच फसतात. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी मला यावर त्यांचा काट्याचा मीटर दिला होता. कॉइलची टोके त्याला लावायची, स्क्रू ड्रायव्हर त्या कॉइलच्या खांबांवर टेकवायचा, मग झटकन उचलायचा. काटा किंचित उजवीकडे किंवा डावीकडे हलतो. दुसऱ्या कॉइलवर तसेच करायचे आणि दिशा कागदावर लिहून ठेवायची, म्हणजे कोणते टोक कशाला जोडायचे ते कळते. डिजिटल मीटरवर आकडे नुसते नाचतात, त्यावरून दिशा ठरवणे कठीण.