दाराला रंधा मारण्याआधी
(१८ फुटी गोलघर घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या ग्राहकांसाठी)

आम्ही गोलघरं बनवतो, म्हणजे जाळीची भिंत, छताला काठ्या आणि बाहेरून कापडी कनात असलेली तंबूसारखी गोल घरं. वर्षातून दोनदा आमचा फोन सारखा वाजतो. एकदा पोळ्याच्या आगेमागे, एकदा मे महिन्यात. तक्रार एकच असते, "दार लागत नाही." तोवर बहुतेकांनी गावातला सुतार बोलावून दाराला रंधा मारून घेतलेला असतो. कृपा करून तो मारू नका. दार आहे तसंच असतं, त्याच्याखालची जमीन हललेली असते.

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात मिटतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण तीच माती गोलघराखाली असते हे विसरलं जातं. पावसाळ्यात घराच्या मधली माती कोरडी राहते, कडेची भिजते. कड वर येते, चौकट तिरपी होते, दार अडकतं. भाद्रपदात चार सूत (अर्धा इंच) रंधलेलं दार माघात माती बसली की सैल पडतं, बोटभर फट राहते आणि तिच्यातून विंचू आत येतो. मग नवी पट्टी जोडायला दार वर्कशॉपला आणावं लागतं. हे काम आम्ही करून देतो, पण त्याचे पैसे लागतात.

आधी टेप घ्या. चौकट आतून ५.५ फूट उंच आणि ३ फूट रुंद आहे, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची दोन्ही तिरपी मापं ६ फूट ३ इंचांच्या आसपास आणि एकमेकांइतकीच यायला हवीत. सारखी आली तर लाकूड ओलीनं फुगलंय. कडेला मेणबत्ती घासा, दिवाळीनंतर दार आपोआप मोकळं होईल. दोन सुतांपेक्षा जास्त फरक आला तर पाया हललाय. दार वरच्या कोपऱ्यात कडीच्या बाजूला घासत असेल, तर कडीकडची बाजू बसली आहे किंवा बिजागरीकडची उचलली आहे. खाली उंबऱ्याला घासत असेल तर याच्या उलट.

चौकटीखालच्या दोन टेकूंना स्क्रू जॅक (फिरवून वर-खाली करायचे) आहेत. जी बाजू बसली तिचा जॅक पाव फेरा वर घ्या, पुन्हा टेप लावा, पुन्हा पाव फेरा. एका दिवसात एका पूर्ण फेऱ्याच्या वर जाऊ नका. त्याआधी दाराजवळचं कपाट, धान्याची पोती बाजूला काढा.

दुसरं एक होतं, ते जास्त धोक्याचं. दार मोकळं करायला काही जण भिंतीच्या वरच्या कडेवरून गेलेली तार ढिली करतात. तार ढिली केली की चौकट क्षणभर मोकळी झाल्यासारखी वाटते, हे खरं. पण छताच्या सगळ्या काठ्या भिंतीला बाहेर ढकलत असतात आणि त्यांना धरून ठेवणारी तीच एक तार आहे. ती सुटली की जाळीची भिंत फाकते आणि छताच्या मधोमधचं चक्र खाली येतं. टर्नबकलला, म्हणजे तार ताणायच्या स्क्रूला, हात लावू नका.

"काळ्या मातीवर उभं करून द्यायला तुम्ही नाही का म्हणता? आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत," असं आम्हाला नेहमी ऐकवलं जातं. जुन्या लोकांनी घरं पांढरीत बांधली आणि काळी शेतीला ठेवली, ती उगाच नाही. मंगोलियातले गुराखी त्यांचं गेर (असंच गोल घर) वर्षातून अनेकदा हलवतात, दर वेळी जागा नव्यानं बघतात. आपलं गोलघर संत्र्याच्या बागेत किंवा धुऱ्याजवळ वर्षानुवर्षं एकाच जागी राहतं. म्हणून घराखालची काळी माती काढून मुरूम भरल्याशिवाय आम्ही काम घेत नाही.

त्याचं माप असं: २२ फूट व्यासाचा गोल, दीड फूट खोल खणायचा, मुरूम जमिनीच्या अर्धा फूट वर आणायचा. भरीव माप साडेसात ब्रासच्या (ब्रास म्हणजे १०० घनफूट) वर जातं. धुमसानं ठोकल्यावर मुरूम बसतो, म्हणून साडेनऊ ते दहा ब्रास मागवा. एकदम ओतू नका. ६ इंचांचा थर, पाणी, धुमस, मग पुढचा थर. स्वस्त पडते म्हणून वाळू भरू नका. काळ्या मातीतल्या खड्ड्यात वाळू भरली की ती टाकीसारखं पाणी धरून ठेवते आणि आपण पैसे घालून त्रास विकत घेतो. गोलाच्या बाहेर ४ फुटांवर चर काढून तो उताराकडे न्या. या मुरमावरचा, घर ज्यावर उभं राहतं तो चबुतरा मात्र घराएवढाच हवा. एक वीतभर मोठा केला तरी छतावरचं पाणी त्यावर पडून कनातीखालून आत येतं. ओटा मोठा असला की बसायला बरा, पण बसायचा ओटा वेगळा बांधा.

मे महिन्यात दार अडकलं तर आधी कूलर कुठं ठेवलाय ते बघा. सगळं रान कोरडं, भेगाळलेलं आणि एका कोपऱ्यात दिवसरात्र टपटप पाणी. तेवढाच कोपरा फुगतो. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडलं तरी हेच होतं. कूलरखाली परात ठेवा, नळी चरात सोडा. दुपारी कनात खालून हातभर गुंडाळा आणि वरच्या चक्राची टोपी उघडी ठेवा, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते आणि कूलर निम्मा वेळच लागतो. घराजवळ झाड लावू नका, सावली मिळाली तरी मुळं एकाच बाजूची ओल ओढतात.

आमच्याकडून मुरमासकट काम घेतलेल्यांना दसऱ्यानंतर एक फेरी किमतीतच आहे. त्यात गवंड्याच्या लेव्हल नळीनं सगळे १७ टेकू पाहतो, तार तपासतो, जॅकला ग्रीस लावतो. आधीच सिमेंटच्या ओट्यावर उभं केलं असेल तर जॅक बसत नाहीत. चौकटीखाली सागाच्या पाचरी देता येतात, त्याचा खर्च जागा पाहून सांगू. जून ते सप्टेंबर काळ्या रानात आमची गाडी येत नाही, आली तर तुमच्याच ट्रॅक्टरनं ओढावी लागते. त्या दिवसांत फोन करताना दोन्ही तिरप्या मापांचे टेपसकट फोटो पाठवा, आणि एक कूलरच्या कोपऱ्याचा.