डिगलेट आणि विगलेट: रक्ताचे साम्य आणि राहणीचे साम्य

जांबोटीच्या बाजूला जून सरता सरता भाताच्या रोपलावणीसाठी चिखलणी सुरू झाली, की तांबड्या मातीतून गांडुळासारखे दिसणारे तीन निरनिराळे प्राणी वर येतात. एक खरोखरचे गांडूळ, ज्याला शेतावर कामाला येणाऱ्या कन्नडभाषक बायका एरेहुळू म्हणतात. दुसरा वाळा, म्हणजे वीतभरही लांबी नसलेला बिनविषारी आंधळा साप. तिसरे देवगांडूळ; नावात गांडूळ असले तरी ते उभयचर आहे आणि त्याचे नाते बेडकाशी लागते. गेल्या पावसाळ्यात बेळगावहून आलेल्या माझ्या पुतण्याने हे तिसरे काडीने उलटे केले आणि विचारले, "काका, हे गांडूळ का सापाचं पिल्लू?" दोन्ही नव्हे, असे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे डिगलेट-विगलेटसारखं!" पोकेमॉन खेळातील हे दोन प्राणी मला तोवर नावानेच माहीत होते. नंतर त्यांची माहिती वाचली, तेव्हा पोराने बरोबर जागी बोट ठेवले होते असे लक्षात आले.

दोन प्राणी एकमेकांसारखे दिसतात याची कारणे मुख्यतः दोन असू शकतात. दोघांचा पूर्वज एक असेल आणि त्याची ठेवण दोघांकडे वारशाने आली असेल, तर ते रक्ताचे साम्य होय. जीवशास्त्राच्या परिभाषेत त्याला समजातता म्हणतात. पूर्वज वेगळे असूनही दोघांनी एकाच प्रकारची राहणी पत्करली आणि तिच्या गरजांनी दोघांना एकाच साच्यात घडवले, तर ते राहणीचे साम्य. ज्या वाटेने ते घडते तिला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. हा भेद इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४३ साली, म्हणजे डार्विनचा उत्क्रांतीवरील ग्रंथ निघण्याच्या सोळा वर्षे आधी, व्याख्येत बांधला होता. फरक का पडतो याचे उत्तर मात्र त्यांच्या व्याख्येत नव्हते. ते डार्विननंतर मिळाले.

पोकेमॉनच्या संदर्भात एक गोंधळ आधीच बाजूला ठेवला पाहिजे. खेळात प्राणी 'इव्हॉल्व्ह' होतो असे म्हणतात, आणि मूळ जपानीतही उत्क्रांतीसाठीचाच 'शिन्का' हा शब्द आहे. परंतु कॅटरपी ही अळी सातव्या पातळीला मेटापॉड नावाचा कोष होते आणि दहाव्या पातळीला त्यातून बटरफ्री हे फुलपाखरू निघते, हे सगळे एकाच जिवाच्या आयुष्यात घडते. ते रूपांतरण आहे. उत्क्रांती एका जिवाची होत नाही. ती पिढ्यानुपिढ्या समूहाची होते. या लेखात उत्क्रांती म्हटले आहे ती ही दुसरी.

डिगलेट १९९६ सालच्या पहिल्या खेळांपासून आहे: जमिनीतून डोके काढलेला, बिनकेसांचा, तपकिरी, मोठ्या नाकाचा, मोल या बिळे खणणाऱ्या सस्तन प्राण्यासारखे बीळ करून राहणारा प्राणी. विगलेट नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांत प्रथम दिसला. तो पांढरा, लांब मानेचा आणि समुद्रकाठच्या वाळूत राहणारा आहे. त्याला पाहून वाळूत अर्धे अंग रोवून प्रवाहाबरोबर डोलणाऱ्या गार्डन ईल माशांची आठवण होते. खेळातील ज्ञानकोश, ज्याला पोकेडेक्स म्हणतात, तो स्पष्ट सांगतो की विगलेट डिगलेटसारखा दिसत असला तरी ती अगदी वेगळी जात असून हे साम्य परिसराशी जुळवून घेताना योगायोगाने आलेले दिसते. विगलेटचे पुढचे रूप वगट्रिओ. ते माशांपैकी असून पूर्वी डगट्रिओचेच, म्हणजे डिगलेटच्या पुढच्या रूपाचेच, प्रादेशिक रूप समजले जाई, अशीही नोंद त्यात आहे. म्हणजे खेळातल्या विद्वानांची चूक माझ्या पुतण्याच्या चुकीहून वेगळी नव्हती.

प्रादेशिक रूप ही या प्रकरणाची उलटी बाजू आहे. २०१६ सालच्या सन आणि मून या खेळांत, हवाई बेटांवर बेतलेल्या अलोला प्रदेशात, डिगलेटच्या डोक्यावर धातूच्या तीन मिशा उगवलेल्या दिसतात. पहिल्या खेळांतल्या कँटो प्रदेशाचा बोडका डिगलेट आणि अलोलाचा मिशाळ डिगलेट दिसायला निराळे, पण रक्त एक. विगलेट दिसायला डिगलेटसारखा, पण रक्त निराळे. नाते ठरवायला रूप किती अपुरे पडते, ते या तिघांना शेजारी ठेवल्यावर कळते.

मग नाते ठरवायचे कशावरून? चिखलातले तिघे पुन्हा हातात घेऊन पाहावेत. गांडुळाला हाडच नाही. त्याच्या वलयांपैकी पुढच्या काहींवर जाडसर पट्टा असतो. वाळ्याच्या अंगावर कोरडे, चकचकीत खवले असतात, तो दुभंगलेली जीभ बाहेर काढतो आणि त्याच्या शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. देवगांडुळाची कातडी ओलसर आणि बुळबुळीत असते, अंगावर कंकणाकार वळ्या असतात, जबड्यात बारीक दात असतात आणि नाकपुडीच्या मागे चाचपडण्यासाठी एक इवलासा स्पर्शक असतो. चोर्ला परिसर देवगांडुळांसाठी अभ्यासकांना परिचित आहे; तेथून २००७ साली वर्णन झालेल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात म्हादई नदीचे नाव गोवले आहे.

लांब, नळीसारखे, बिनपायांचे अंग हे मातीत घुसणाऱ्याची गरजच असते, म्हणून ते नात्याचा पुरावा ठरत नाही. वाळा आणि देवगांडूळ या दोघांचे पूर्वज चार पायांचे होते, आणि पाय दोन्ही घराण्यांनी स्वतंत्रपणे गमावले. ज्युरासिक काळातील इओसिसिलिया या देवगांडुळाच्या नातलगाच्या जीवाश्मात लहान पाय दिसतात, तर क्रिटेशस काळातील नजाश या सापाच्या जीवाश्मात मागचे पाय शिल्लक आहेत. सापांचे आणि उभयचरांचे घराणे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी फुटले. गांडुळाचे आणि आपले तर ५० कोटी वर्षांहूनही आधी. साक्षीला उभे करायचे ते राहणीला ज्याची गरज नव्हती असे तपशील: खवल्यांची मांडणी, दातांची ठेवण, कवटीतले सांधे. कुळाची ओळख आडनावापेक्षा घरातल्या एखाद्या विचित्र सवयीवरून अधिक पटते, तसेच हे आहे. (मांडूळ या सापाचे शेपूट डोक्यासारखे दिसते, म्हणून त्याला दुतोंड्या समजून चोरटे त्याचा लाखोंचा व्यापार करतात. रूपावर विसंबण्याची इतकी महाग किंमत दुसऱ्या कोणा प्राण्याने क्वचितच मोजली असेल.)

ही कसोटी डिगलेट-विगलेटला लावली, तर पोकेडेक्सचा निर्वाळा मला तितकासा पक्का वाटत नाही. नळीसारखे अंग आणि बिळातून वर काढलेले डोके बिळाच्या राहणीने समजावता येते. परंतु डिगलेट सव्विसाव्या पातळीला तीन डोक्यांचा डगट्रिओ होतो, आणि विगलेटही नेमका सव्विसाव्याच पातळीला तीन डोक्यांचा वगट्रिओ होतो. तीनच का? सव्विसावीच पातळी का? मातीला किंवा वाळूला याचे उत्तर देता येत नाही, आणि ज्या साम्याचे उत्तर परिसर देत नाही तेच वारशाकडे बोट दाखवते. असाच प्रकार टेंटाकूल आणि टोडस्कूल या जोडीत आहे: एक जेलीफिशसारखा समुद्रातला, दुसरा अळंबीसारखा रानातला, दोघे वेगळ्या जातीचे म्हणून घोषित, आणि दोघेही तिसाव्या पातळीलाच पुढचे रूप घेतात. खेळ बनवणाऱ्यांनी हा खोडसाळपणा जाणून केला असणार. पण त्यांच्या जगातल्या जीवशास्त्रज्ञाला तो हिशेबात घ्यावाच लागेल.

उलट बाजूलाही पुरावा आहे. डिगलेटला अगदी पहिल्या पातळीपासून ओरबाडण्याचा हल्ला येतो, म्हणजे मातीखाली कोठेतरी नखे असली पाहिजेत. वगट्रिओ मात्र लांब अंगाने भक्ष्याला विळखा घालून ते बिळात ओढतो, असे पोकेडेक्स सांगतो. ओरबाडणारा आणि विळखा घालणारा यांचे सांगाडे सारखे असण्याची शक्यता कमी. शिवाय नाते आहे की नाही, हा प्रश्न 'कशाच्या बाबतीत' हे विचारल्याशिवाय पुरा होत नाही. भीमगड अभयारण्यातील बारापेडे गुहांत राहणाऱ्या वटवाघळाचा पंख आणि वर उडणाऱ्या घारीचा पंख हे पुढचे पाय म्हणून समजात आहेत, कारण दोहोंत तीच हाडे आहेत. पंख म्हणून ते समजात नाहीत, कारण उडणे दोन्ही घराण्यांनी वेगवेगळे मिळवले. वाळा आणि देवगांडूळ यांचेही पाठीचे कणे एका वारशाचे, बिनपायांचे अंग दोन निरनिराळ्या वाटांचे. विगलेट मासा असेल आणि डिगलेट सस्तन असेल, तरीही सगळ्या सस्तनांचे मूळ माशांतच असल्याने कण्यापुरते त्यांचे नाते उरेलच.

डिगलेटला मातीतून पूर्ण बाहेर काढून त्याच्या हातापायांची बोटे मोजली, तर वादाचा बराचसा भाग एका दुपारी मिटेल. पण पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्याचे कमरेखालचे अंग निर्मात्यांनी दाखवलेले नाही. देवगांडूळ तेवढे आडमुठे नव्हते. पुतण्याने त्याच्या तोंडातले दात भिंगातून पाहून घेतले, आणि मग आम्ही त्याला बांधाच्या ओल्या कडेला सोडले. डोके खुपसून ते दोन-तीन झटक्यांत चिखलात दिसेनासे झाले.