प्रथिन नॅनोकण : औषधवहन

प्रथिनांच्या रेणूंपासून तयार केलेल्या आणि औषध आपल्या पोटात किंवा पृष्ठभागावर धरून ते शरीरात वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांना प्रथिन नॅनोकण म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग होय. हे कण साधारणतः १० ते ३०० नॅनोमीटर आकाराचे असतात. त्यांतले १३० नॅनोमीटरचे कण ओळीने मांडले, तर एका तांबड्या रक्तपेशीच्या व्यासात पन्नासहून अधिक मावतील. अल्ब्युमिन, जिलेटिन, दुधातील केसीन, मक्यातील झेन, सोयाबीनमधील प्रथिने, रेशमातील फायब्रॉइन आणि लोह साठवणारे फेरिटिन यांपासून असे कण केले जातात. शरीरातील विकरे या कणांचे अमिनो आम्लांत विघटन करतात, त्यामुळे औषध सोडून झाल्यावर वाहकाचा वेगळा निचरा करावा लागत नाही. त्यांचा मोठा गुण हाच आहे.

या सर्वांत अल्ब्युमिनचे स्थान अगदी वेगळे आहे. यकृतात तयार होणारे हे प्रथिन रक्तद्रवात सर्वाधिक, म्हणजे लिटरमागे ३५ ते ५० ग्रॅम असते. ५८५ अमिनो आम्लांच्या या साखळीचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील तिचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १९ दिवसांचा असतो. मेदाम्ले, बिलिरुबिन हे पिवळे पित्तद्रव्य आणि रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफरिनसारखी कितीतरी औषधे एरवीही त्याच्याच आधाराने रक्तातून फिरतात. वहनाचे काम निसर्गाने ज्याच्याकडे आधीच सोपवले आहे, त्याच्याकडूनच ते करवून घेण्याचा विचार पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगविरोधी औषधाच्या बाबतीत फळाला आला.

पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीत सापडलेले पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलावर प्रक्रिया करून मिळवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवून देण्याची पद्धत पडली. या द्रावकामुळे काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी होते. त्यामुळे आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीरोधक औषधे द्यावी लागतात आणि सलाइन सहसा तीन तास चालते. मानवी अल्ब्युमिनच्या द्रावणात हेच औषध मिसळून ते मिश्रण प्रचंड दाबाखाली अरुंद फटीतून पुनःपुन्हा ढकलले असता सुमारे १३० नॅनोमीटरचे कण तयार होतात आणि एरंडेलजन्य द्रावकाची गरजच उरत नाही. १०० मिलिग्रॅम औषधामागे सुमारे ९०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन असलेले हे औषध ३० मिनिटांत देता येते. अमेरिकेत त्याला २००५ मध्ये स्तनाच्या, २०१२ मध्ये फुप्फुसाच्या एका प्रकारच्या आणि २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगावरील ज्या चाचणीवर पहिली मान्यता आधारलेली होती, तिच्यात जुन्या स्वरूपाच्या पॅक्लिटॅक्सेलला १९ टक्के, तर अल्ब्युमिनबद्ध औषधाला ३३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. मात्र हातापायांना तीव्र बधिरता येण्याचे प्रमाणही २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले. नव्या औषधाची मात्रा अधिक होती हे येथे ध्यानात घ्यावे. वाहक बदलल्याने मूळ औषधाचे स्वाभाविक दुष्परिणाम नाहीसे होत नाहीत.

हे कण औषध ‘थेट गाठीत’ नेतात, असे सर्रास लिहिले जाते. ते जपून वाचले पाहिजे. गाठीतील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने मोठे रेणू तेथे साचतात, हे निरीक्षण १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी मांडले. परंतु माणसांत हा परिणाम रुग्णागणिक, एवढेच नव्हे तर गाठीगणिक बदलतो. शिवाय अल्ब्युमिन-पॅक्लिटॅक्सेलचे कण रक्तात शिरताच विरळ होऊन लवकर विखुरतात आणि त्यानंतर औषध सुट्या अल्ब्युमिन रेणूंना चिकटून प्रवास करते. गाठीतील ‘स्पार्क’ नावाचे प्रथिन अल्ब्युमिनला ओढून घेते, ही कल्पना काही काळ लोकप्रिय होती. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील ८६१ रुग्णांच्या चाचणीत त्या प्रथिनाच्या प्रमाणावरून औषधाचा गुण सांगता आला नाही.

प्रयोगशाळेत कण करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रथिनाच्या पाण्यातील द्रावणात अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडणे. पाणी दुरावल्याने प्रथिनाचे रेणू एकत्र येतात, द्रावण दुधाळ होते आणि मग रेणूंना एकमेकांशी जोडणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने कण पक्के केले जातात. त्याचा उरलेला अंश विषारी असल्याने तो धुऊन काढावा लागतो. फेरिटिनला असे काही लागत नाही. त्याच्या २४ घटकांचा १२ नॅनोमीटरचा पोकळ गोल तीव्र आम्लात सुटा होतो आणि आम्लता घटवली की पुन्हा जुळतो. जुळताना औषध ८ नॅनोमीटरच्या पोकळीत कोंडले जाते.

विदर्भाच्या दृष्टीने रेशमातील फायब्रॉइन विशेष लक्षणीय आहे. राज्याचे रेशीम संचालनालय नागपूर येथे असून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन वृक्षांवर टसर रेशमाच्या अळ्या वाढवल्या जातात. या भागात कोसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिघांचा एक क्रम आढळतो. पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने तो ओळखतात आणि पेशी त्याला धरतात; तुतीवरील रेशमाच्या फायब्रॉइनमध्ये हा क्रम नसतो. टसरचा धागा मात्र सहजी विरघळत नसल्याने संशोधक अनेकदा अळीच्या रेशीमग्रंथीतूनच प्रथिन घेतात. त्यापासून नॅनोकण करून पेशींवर तपासण्याचे काम भारतात झाले आहे. रुग्णांपर्यंत पोहोचलेले औषध त्यातून अद्याप आलेले नाही.

प्रथिन उष्णतेने साकळते, त्यामुळे हे कण वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाहीत; ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ते निर्जंतुक केले जातात, आणि तेवढ्यासाठी कण त्याहून लहान असणे आवश्यक ठरते. परक्या प्राण्याच्या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे निर्माण करू शकते, म्हणून गाईच्या अल्ब्युमिनवर प्रयोगशाळेत केलेले काम मानवी औषधाला जसेच्या तसे लागू होत नाही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

अल्ब्युमिनबद्ध पॅक्लिटॅक्सेलची कोरडी भुकटी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाची असते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे दुकानापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवरही कुपी उन्हात किंवा बंद गाडीत राहणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. भुकटीत सलाइन मिसळताना ते कुपीच्या आतल्या भिंतीवरून सावकाश सोडतात आणि कुपी जोराने हलवत नाहीत. तरीही फेस आलाच, तर तो बसेपर्यंत पंधरा मिनिटे थांबतात.